कौलारू छपराचं लाकूडकाम आणि स्केचअप: एक अख्खं छप्पर करून झाल्यावरचा रिव्ह्यू

गिरगावातल्या एका वाडीतलं दुमजली घर, वर चौपाखी, म्हणजे चार उतरत्या बाजूंचं (पाखींचं), मंगलोरी कौलांचं छप्पर, निम्मे वासे (कौलांखालची उतरती लाकडं) वाळवीने खाल्लेले आणि मालकांचं एकच म्हणणं, छप्पर नवं करायचं पण होतं तसंच करायचं, पत्रा नको आणि स्लॅब तर नकोच. काम माझ्याकडे आलं तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण मुंबईत हल्ली असं सांगणारं गिऱ्हाईक मिळत नाही, जो तो ताडपत्री नाहीतर पत्रा टाकून मोकळा होतो. मग प्रश्न आला की हे काढायचं कशात. मी रेव्हिटमध्येही काम करते आणि स्केचअपमध्येही (दोन्ही कम्प्युटरवर इमारतीचं मॉडेल करायची सॉफ्टवेअर), आणि हे अख्खं छप्पर शेवटी स्केचअप प्रोमध्ये केलं, एकेक वासा, एकेक रीप (वाशांवरची आडवी पट्टी, जिच्यावर कौलं बसतात) धरून. तो सगळा अनुभव लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत मला यावर काहीच सापडलं नाही, आणि जे सापडलं ते सगळं अमेरिकन घरांचं होतं.

आधीच सांगते, लाकडी छपराच्या डिटेलसाठी माझं मत स्केचअपच्या बाजूने आहे. पण का ते नीट सांगायला पाहिजे.

बिल्डिंगच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये छप्पर म्हणजे एक झाकण असतं. रेव्हिटचंच घ्या, रूफ बाय फूटप्रिंट घेतलं, भिंतीच्या कडा दाखवल्या, उतार दिला की चारही पाखी एका मिनिटात तयार, कोपरे बरोबर जुळलेले, वळचण (भिंतीबाहेर येणारी छपराची कड) हवी तेवढी बाहेर. बघायला फार छान वाटतं. पण ते एकसंध जाड पान आहे, त्याच्या आत वासा नाही, आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड) नाही, काही नाही, फक्त थर आहेत. खरं लाकूड हवं असेल तर स्ट्रक्चरल बीम घ्यायचे, उताराला वर्क प्लेन लावायचं, बीम सिस्टिम टाकायची, मग प्रत्येकाचं क्रॉस सेक्शन रोटेशन बघायचं, आणि कोनवाशाची (दोन पाखी जुळतात त्या कोपऱ्यावरच्या तिरक्या वाशाची) पाठ तासायची तर व्हॉइड करून कापायचं. होतं सगळं, होत नाही असं नाही. पंधरा मजल्यांच्या टॉवरला, जिथे शंभर ड्रॉइंग एकमेकांशी जुळायला हवीत, तिथे मी रेव्हिटच घेईन, डोळे झाकून. एका गोष्टीसाठी तर मी त्याला मानते, त्यात छपराला 'राफ्टर' आणि 'ट्रस' असा पर्याय आहे, एकात उंची भिंतीच्या आतल्या कडेपासून धरतात आणि दुसऱ्यात बाहेरच्या कडेपासून, म्हणजे बनवणाऱ्याने भिंतीवर वासा कसा बसतो याचा विचार केलाय. पण माझ्या कामात मला झाकण नको होतं. मला हवं होतं ते जे आमचे सुतार मिस्त्रीकाका जमिनीवर बसून कापणार आहेत ते.

आणि स्केचअपमध्ये तुम्ही नेमकं तेच करता. लाकडाचा तुकडा काढता, त्याला खाच मारता, उचलून जागेवर ठेवता. सुताराची आणि तुमची कामाची पद्धत एक होते, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही.

घराचे आकडे सांगते म्हणजे कळेल. भिंतीवरचं लाकूड ते समोरच्या भिंतीवरचं लाकूड २० फूट रुंदी, ३२ फूट लांबी, उतार मोजला तर ३० अंश, वळचण चारही बाजूंना २ फूट बाहेर. म्हणजे आढं १२ फुटांचं आणि भिंतीच्या डोक्यापासून साधारण ५ फूट ९ इंच वर. सुरुवात मी लाकडाने केलीच नाही, नुसत्या चार पातळ पाखी काढल्या, कागदासारख्या, प्रोट्रॅक्टर टूलने ३० अंश लावून. दोन पाखी जिथे भेटतात ती रेघ म्हणजे कोनवाशाची रेघ, ती आपोआप मिळते. आता बघा, पाखी ३० अंशात आहेत पण कोनवासा ३० अंशात नसतो, तो प्लॅनमध्ये ४५ अंशात तिरका धावतो म्हणून त्याचा उतार कमी होतो, २२.२ अंश. हे कॉलेजमध्ये शिकवलेलं असतं आणि सगळे विसरतात. मी पण विसरले होते, रेघेवर प्रोट्रॅक्टर ठेवला तेव्हा तो आकडा समोर आला आणि मग कागदावर करून बघितलं, ३० अंशाच्या टॅनला २ च्या वर्गमुळाने भागायचं, बरोबर तेवढंच.

मग त्या रेघेखाली ३ बाय ६ चं लाकूड धरलं आणि ते पाखींच्या वर डोकावायला लागलं, दोन्ही कडा बाहेर. साहजिक आहे, लाकडाची पाठ सपाट आणि पाखी दोन्हीकडे उतरतायत. इंटरसेक्ट फेसेस केलं (दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदतात तिथे रेघ पाडणारी कमांड), वरचे दोन त्रिकोणी पट्टे पुसले, आणि कोनवाशाला दोन्हीकडून उतरती पाठ मिळाली, प्रत्येक बाजू २०.७ अंश. हा आकडा मी मिस्त्रीकाकांना चिठ्ठीवर लिहून दिला, त्यांनी तो ठेवला बाजूला आणि पत्र्याचा एक तुकडा कापून फर्मा मागितला, तो मी १:१ प्रिंट काढून दिला, तो त्यांना आवडला. काम अंशांवर नाही फर्म्यावर चालतं हे लक्षात ठेवा, आणि १:१ प्रिंट हा प्रोबरोबर येणाऱ्या लेआउटचा (मॉडेलवरून शीट काढून छापायच्या सॉफ्टवेअरचा) सगळ्यात भारी उपयोग आहे, मोठाली सजवलेली शीट राहू दे बाजूला.

कोनवासा ३ बाय ६ का, हेही मॉडेलनेच सांगितलं. वासे ३ बाय ४ चे होते. वासा तिरका कापला की त्याचं तोंड ४ इंचाचं राहत नाही, उभं मोजलं तर साडेचारच्या वर जातं, आणि ते पूर्ण तोंड कोनवाशाला टेकलं पाहिजे, शिवाय पाठ तासल्यावर कडेचा अर्ध्या इंचाच्या वर भाग जातो. म्हणजे ५ इंच अगदी काठावर, ६ घेतलं तर निश्चिंत. लांबी वळचणीसकट १८ फूट ४ इंच. रे रोडला लाकूड बघायला गेलो तेव्हा १९ फुटी सरळ सागवान मिळवताना घाम फुटला, पण निदान काय शोधतोय ते जाण्याआधी पक्कं माहीत होतं, तिथे उभं राहून गणित करायची वेळ आली नाही.

आता आखूड वासे, म्हणजे जे आढ्यापर्यंत पोचत नाहीत, मधेच कोनवाशाला भेटतात ते. स्केचअपची खरी मजा इथे आहे. एक वासा कंपोनंट केला (म्हणजे एका प्रतीत बदल केला की सगळ्या प्रती बदलतात), मूव्हमध्ये कॉपी करून १८ इंच टाइप केलं, मग गुणिले सहा, झाले आणखी सहा वासे. त्यातला प्रत्येक आधीच्यापेक्षा पावणेएकवीस इंचांनी आखूड होतो, कारण प्लॅनमधले १८ इंच ३० अंशाच्या उतारावर तेवढे लांबतात. प्रत्येकाला मेक युनिक करायचं, म्हणजे बाकीच्या प्रतींपासून सुटा करायचा, कोनवाशाच्या बाजूने इंटरसेक्ट करून कापायचं. कोनवाशाच्या निम्म्या जाडीची वजावट, जी कागदावर करताना हमखास चुकते (दीड इंच नाही, तिरका असल्यामुळे २ इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग), ती इथे करावीच लागत नाही कारण तुम्ही प्रत्यक्ष लाकडाला लाकूड लावून कापताय.

पण याच ठिकाणी माझी एक चूक झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. एका कोपऱ्याचे वासे झाले, मी ते फ्लिप करून दुसऱ्या अंगाला ठेवले, मग सगळं उचलून बाकीच्या तीन कोपऱ्यांना. दिसायला एकदम परफेक्ट. मग जनरेट रिपोर्ट करून यादी काढली, प्रत्येक लांबीचे ८ नग, यादी मिस्त्रीकाकांना पाठवली. संध्याकाळी फोन.

"ताई, हे आठ कुठल्या हाताचे?"

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं की कंपोनंट आरशात उलटा केला तरी सॉफ्टवेअरच्या लेखी तो तोच कंपोनंट राहतो, नाव तेच, नग मोजताना एकत्रच. पण लाकडात डावा वासा तो डावाच आणि उजवा तो उजवाच, कारण वरचा काप ४५ अंशात एका अंगाला झुकलेला असतो आणि खाली भिंतीवर बसायची खाच असते, तुकडा फिरवून चालत नाही. ८ नाही, ४ डावे आणि ४ उजवे. त्यांनी विचारलं नसतं तर निम्मं सागवान वाया गेलं असतं. तेव्हापासून मी फ्लिप केला की लगेच मेक युनिक करते आणि नावातच 'डावा-३', 'उजवा-३' असं लिहिते, देवनागरीत नाव टाकता येतं, काही अडचण येत नाही. हे करणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावाच.

खाचेवरून दुसरी गोष्ट. वासा भिंतीवरच्या लाकडावर बसतो तिथे त्याच्या पोटाला पक्ष्याच्या चोचीसारखी खाच असते. भिंतीवरचं लाकूड ४ इंच रुंद होतं, मी बसकण पूर्ण ४ इंचांची काढली, म्हटलं पूर्ण टेकू दे, भक्कम होईल. सेक्शन प्लेन टाकून फोनवर मिस्त्रीकाकांना दाखवलं, त्यांनी बोटाने स्क्रीनवर तेवढीच जागा मोठी केली आणि म्हणाले, "अर्धा वासा खाल्लात की हो." मोजलं तर खरंच, ३० अंशाच्या उतारावर बसकण जेवढी त्याच्या बरोबर निम्मी खोली वाशातून जाते, ४ इंचांच्या बसकणीला २ इंच, आणि वासाच मुळी ४ इंचांचा. खाच वाशाच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नको हा ठोकताळा, म्हणजे बसकण अडीच इंच, खोली सव्वा इंच. एका कंपोनंटमध्ये बदललं आणि आढ्याला जाणारे सगळे पूर्ण वासे एका क्षणात बदलले. एका जागी हात लावला की सगळीकडे बदलतं, या सुखासाठी मी या सॉफ्टवेअरचे पैसे भरते. मात्र आखूड वासे युनिक केलेले असल्यामुळे ते एकेक करून बसावं लागलं, म्हणून शहाणपणाचं हे की खाच आधी मिस्त्रींकडून पक्की करून घ्यायची आणि मगच युनिक करायचं.

दोन सेटिंग पहिल्याच दिवशी बघा. युनिट्समध्ये लेंग्थ स्नॅपिंग चालू असतं ते बंद करा, नाहीतर तिरक्या लांब्या गपचूप गोल आकड्याला ओढल्या जातात आणि आठव्या वाशाला फट दिसायला लागते. आणि मापाच्या आधी नागमोडी चिन्ह दिसलं तर ते माप पूर्ण नाही, गोल करून दाखवलेलं आहे, तिकडे दुर्लक्ष करू नका. आणखी एक, फार बारीक कडा त्याला नीट जमत नाहीत, इंचाच्या हजाराव्या भागाजवळचे बिंदू तो एकच समजतो, म्हणून खिळ्याचं डोकं, बोल्टचे आटे असलं काढायचं असेल तर शंभरपट मोठं करून काढा आणि परत लहान करा.

प्लगइनबद्दल. मी एक विकत घेतलं होतं, नाव घेत नाही, छपराची फ्रेम आपोआप करून देणारं. उतार द्या, अंतर द्या, वासे तयार. तयार झालेही, दोन मिनिटांत. पण मी ३ बाय ४ म्हटलं आणि त्याने अडीच बाय साडेतीन काढलं, कारण अमेरिकेत लाकडाचं नाव एक आणि रंधून झाल्यावरचं माप दुसरं, तिकडचं टू बाय फोर प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन असतं. आपल्याकडे करवतीखालून येतं ते सांगितलेल्या मापाचं. अर्धा इंच कमी म्हणजे कोनवाशाजवळचं सगळंच हललं, सगळं पुसलं आणि हाताने केलं. पैसे गेले त्याचं दुःख नाही, एक दिवस गेला त्याचं आहे. तुम्ही घेणार असाल तर आधी एक वासा काढून टेपने मोजल्यासारखं मोजा.

कौलं मॉडेल करू नका! अख्ख्या छपराचा पृष्ठभाग वळचणीसकट जवळजवळ १००० चौरस फूट, मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण १५ लागतात, म्हणजे चौदाशेच्या आसपास कौलं, आणि एकेका कौलाला वळणं, खाचा, कडा, फाइल हलणारच नाही. पाखीवर टेक्श्चर टाका, वळचणीची एक ओळ आणि कोन्याची कौलं तेवढी खरी काढा, तिथे डिटेल लागतं कारण पाणी तिथेच आत शिरतं. रिपांचं अंतर मात्र मॉडेलवरून ठरवू नका, ज्या लॉटची कौलं येणार त्यावरून ठरवा. आमच्याकडे काकांनी अंगणात दहा कौलं अंथरली, एकदा दाबून मोजली, एकदा ताणून, आणि मधलं धरलं, साडेबारा इंच आलं, मग मी तो आकडा मॉडेलमध्ये टाकला आणि वरच्या ओळीला कौल अर्धं कापावं लागेल हे दिसलं. वळचण एक इंचाने वाढवली, काप टळला. मुंबईच्या पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अर्धं कापलेलं कौल आढ्याखाली कोणाला हवंय.

आता कमी काय आहे ते. उतार बदलला की काहीही आपोआप बदलत नाही. ३० चे २८ अंश करायचे ठरले तर कोनवासा, खाचा, आखूड वासे, सगळं नव्याने. इथे फ्रीकॅडसारखं सॉफ्टवेअर वेगळ्या जातीचं आहे, त्यात आकडा बदला की पुढचं सगळं मागोमाग येतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात त्याचं १.० आल्यापासून इमारतीच्या कामाची टूलं त्यातच मिळतात. पण शिकायला वेळ लागतो, आणि साइटवर उभं राहून, समोर काका बसलेत आणि तुम्ही वासा इकडे तिकडे सरकवून दाखवताय, असं त्यात मला तरी जमत नाही. गणिती डोकं असणाऱ्यांनी जरूर बघा.

पैशांचंही बोलायला हवं. स्केचअप २००० सालचं, गुगलकडे होतं तेव्हा आपण सगळे फुकट वापरून शिकलो, २०१२ मध्ये ट्रिम्बलकडे गेलं. डेस्कटॉपवरचं 'मेक' नावाचं फुकट व्हर्जन २०१७ वर थांबलं, एकदा घेतलं की कायमचं असं लायसन्स २०२० मध्ये बंद झालं, आता दर वर्षी सबस्क्रिप्शन. ब्राउझरमधलं फुकट व्हर्जन आहे, पण त्यात प्लगइन चालत नाहीत, रिपोर्ट नाही, लेआउट नाही. विद्यार्थ्यांनी त्यातच एक कोनवासा आणि सहा आखूड वासे करून बघावेत, तेवढ्यात छपराची भूमिती जन्मभर कळते. लाकडाची यादी काढून सुताराला द्यायची असेल तर मात्र प्रो लागतंच. मला एका कामात ते वसूल झालं, कारण प्रत्येक सॉलिड तुकड्याचं घनफळ त्यात मिळतं आणि लाकूड आपल्याकडे घनफुटावर विकलं जातं, ३ बाय ४ चा १४ फुटी वासा म्हणजे १.१७ घनफूट, सगळ्यांची बेरीज काढली आणि दुकानदाराचं बिल तपासता आलं.

मुंबईत याची गरज नाही असं म्हणणाऱ्यांना सांगते, १९४० च्या आधीच्या उपकरप्राप्त (ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा) इमारती दक्षिण मुंबईत गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या कितीतरींचे मजले लाकडी तुळयांवर आणि माथे लाकडी सांगाड्यावर उभे आहेत, खोताची वाडी तर नुसती फिरून आलात तरी वर बघत राहाल. त्यांची दुरुस्ती करणाऱ्या ऑफिसात अजून कोनवासा प्लॅनमध्ये एका रेघेने दाखवतात आणि पुढचं सुतारावर सोडतात. आमच्या काकांसारखा सुतार मिळाला तर निभावतं. त्यांचं वय एकाहत्तर, मुलगा मोबाइलच्या दुकानात. मी त्यांच्याकडून प्रत्येक सांधा विचारून विचारून मॉडेलमध्ये ठेवलाय, भिंतीवरच्या लाकडाचा कोपऱ्यातला कुसू (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत बसणारं टोक) कसा आणि किती लांब इथपर्यंत.

लाकडी छपराच्या कामासाठी माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा उताराच्या त्रासासाठी कापला. फाइल हवी असेल त्याला द्यायची मालकांची परवानगी आहे, घराचा पत्ता काढून टाकलाय, वाशांची नावं डावा-उजवा लिहिलेली आहेत. फक्त लेंग्थ स्नॅपिंग आधी बंद करा.